चेन मारुती, डिस्क महादेव

माझ्या मेव्हण्याच्या लग्नाची वरात टेंभी नाक्यावर भर रस्त्यात थांबली, आणि ती थांबवली हरेश्वर नाखवाने. नवरदेव घोड्यावर, बँडवाले ऐन रंगात, बायका नाचावं की न नाचावं या विचारात, आणि हा पठ्ठ्या गर्दीतून पुढे झाला, हात वर केला आणि म्हणाला, “एक मिनिट. चुकतंय.”

मुहूर्त चुकला असं समजून माझ्या सासऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. चुकत होतं ते बँडच्या मागून येणाऱ्या जनरेटरच्या गाडीचं चाक. हरेश्वर रस्त्यातच उकिडवा बसला, चाकाला कान लावला, जरीच्या कुडत्याच्या खिशातून पान्यांचा जुडगा काढला आणि नट आवळला. “बेअरिंग कोरडं पडलंय. हॉलपर्यंत जाईल, पण परत येताना गाडी हळू न्या,” असं त्या गाडीवाल्याला बजावलं आणि बँडवाल्यांकडे वळून म्हणाला, “हां, आता वाजवा.” लग्नाच्या अल्बममध्ये नवरदेवाच्या बरोबरीने हरेश्वरचे फोटो आहेत. सगळ्यांत त्याचा एक कान चाकाला आहे.

हा माझा शेजारी. ठाणे पूर्वेला कोपरीत, खाडीच्या अंगाला आमची इमारत आहे. त्या जागी पूर्वी नाखवांचं बैठं घर होतं. इमारत झाली तेव्हा त्यांना तिसऱ्या मजल्यावर माझ्यासमोरचा फ्लॅट मिळाला. हरेश्वरचे वडील खाडीत होडी घालायचे. खाडीतली मासळी गेली तशी होडी गेली, मग वडीलही गेले. आता घरात हरेश्वर आणि त्याची आई, दोघंच. आईला सगळी इमारत हिरामावशी म्हणते. गुडघे दुखायला लागेपर्यंत त्या बाजारात मासळी विकायला बसायच्या.

हरेश्वर वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात आहे. तिथे तयार झालेले सुटे भाग तपासायचे आणि चुकलेले परत पाठवायचे, हे त्याचं काम. म्हणजे दिवसभर “एक मिनिट, चुकतंय” म्हणायचा त्याला पगार मिळतो. उरलेल्या वेळात तो तेच फुकट म्हणतो. सोसायटीच्या सभेत चेअरमनना म्हणतो, रिक्षावाल्याला म्हणतो, टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या बाईंनाही म्हणतो. कोणी चुकीचं बोललेलं त्याच्याने ऐकवतच नाही. आणि ते जर सायकलीबद्दल असेल तर मग विचारायलाच नको.

कारण सायकल हा हरेश्वरचा जीव आहे. साधी नव्हे, डोंगरातून दगडगोट्यांवरून पळवायची सायकल. जाड काटेरी टायर, पुढे दणके खाणारे शॉक, दोन्ही चाकांना मोटरसायकलला असतात तशा ब्रेकच्या डिस्क. ही सायकल त्यांच्या हॉलमध्ये मधोमध, एका स्टँडवर जमिनीपासून हातभर उंच उभी असते. पंखा तिच्यावर. टीव्ही कोपऱ्यात. पाहुणे पलंगाच्या कडेवर. पहिल्यांदा मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा हिरामावशी मला म्हणाल्या होत्या, “बस रं बाला, जागा मिलंल थय बस. मान तिचा हाय.”

खाडीची हवा खारी, लोखंड खाऊन टाकते. म्हणून औषधांच्या डब्यांत आणि बुटांच्या खोक्यांत ओल शोषायच्या ज्या पांढऱ्या पुड्या असतात, त्या इमारतीतली सगळी घरं हरेश्वरसाठी जपून ठेवतात. माझी बायको शुभांगी तर नवे बूट आणले की आधी पुडी काढून समोरच्या दारात ठेवते, मग बूट घालून बघते. पुड्यांच्या माळा करून त्याने सायकलीच्या गिअरवर सोडलेल्या आहेत. नवरात्रात तर कोणाला वाटावं, हॉलमध्ये देवीच बसवलीय.

आमची मैत्री झाली ती डॉक्टरांमुळे. त्यांनी मला व्यायाम सांगितला आणि मी जिन्यात हरेश्वरला सहज विचारून बसलो, “काय हो नाखवा, एखादी बरी सायकल सुचवा की.” एवढंच. त्याने मला भिंतीला पाठ लावून उभं केलं, पायांची लांबी मोजायला पायांमध्ये एक जाड पुस्तक घ्यायला लावलं आणि भिंतीवर पेन्सिलीने खूण केली. ती खूण अजून जिन्यात आहे. मग प्रश्न. कुठे चालवणार? डांबरी की कच्चा रस्ता? पावसात? चढ आला की उभे राहता की बसूनच रेटता? मी म्हटलं, “अहो, मी तलावपाळीपर्यंत जाणार आणि चहा पिऊन येणार.”

“एक मिनिट, चुकतंय,” हरेश्वर म्हणाला. “माणूस सायकल घेतो तेव्हा तो कुठे जाणार, हे त्याला माहीत नसतं.”

हे मात्र खरं निघालं. दोन महिन्यांत मी रविवारी सकाळी त्याच्यामागून येऊरच्या डोंगराच्या चढावर धापा टाकत होतो.

येऊरला सायकल काढायच्या आधी तो टायर अंगठ्याने दाबून बघतो. खिशात हवा मोजायचं यंत्र असतं, पण आधी अंगठा. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर हवा कमी, टायर जमिनीला धरून राहतो. माती वाळून भुरभुरीत झाली असेल तर आणखी निराळी. हिरामावशी बाजारात पापलेट घेताना जशा दाबून बघतात आणि नाक मुरडतात, अगदी तसंच तो करतो. हे मी एकदा बोललो तर हरेश्वरला राग आला नाही. उलट म्हणाला, “आये यंत्र नाय वापरत, तरी कधी फसली नाय.”

मी मात्र फसलो होतो. एकदा त्यांच्या हॉलमध्ये बसल्याबसल्या मी त्याच्या सायकलीच्या पुढच्या डिस्कवर नुसतं बोट फिरवलं. चकचकीत दिसली म्हणून. हरेश्वर असा ओरडला की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं.

“राऊत! बोट काढा! बोटाला तेल असतं!”

“अहो, मी आंघोळ केलीय.”

“आंघोळ केली तरी कातडीला तेल असतंच. डिस्कला तेल लागलं की तिला आवळणाऱ्या पॅडला लागतं. पॅड तेल पितो. मग ब्रेक कितीही दाबा, चाक नुसतं गुळगुळीत फिरत राहतं. एकदा तेल प्यालेला पॅड फेकूनच द्यायचा.” एवढं बोलून त्याने स्पिरिटमध्ये फडकं बुडवून माझं पाप पुसून काढलं. मग माझा पडलेला चेहरा बघून जरा मऊ झाला. “सोपं करून सांगतो. चेन म्हणजे मारुती. तिला तेल पाहिजे, तेही एकेका जोडाला एकच थेंब, वर आलेलं पुसून टाकायचं. डिस्क म्हणजे महादेव. पाणी घाला, हवं तेवढं घाला. तेल नाही म्हणजे नाही.”

हे सूत्र त्याने मलाच नव्हे, सगळ्या कोपरीला शिकवलंय. येऊरला नवीन येणाऱ्या पोरापोरींना, पंक्चरवाल्याला, आमच्या वॉचमनला. वॉचमनला सायकलच नाही, तरी त्याला ते पाठ आहे.

आता एवढी सायकल सजवणारा माणूस शर्यतीत पहिला येत असेल असं तुम्हाला वाटेल. हरेश्वर पहिला तर सोडाच, कधी शेवटचाही आला नव्हता. कारण शेवटचं यायला शर्यत पुरी करावी लागते. कल्याणच्या पुढे मलंगगडाच्या पायथ्याच्या टेकड्यांमध्ये दरवर्षी डोंगरी सायकलींची एक शर्यत असते. हरेश्वर दरवर्षी तिच्यात उतरायचा आणि दरवर्षी मधेच कुठेतरी सायकल खांद्यावर घेऊन परत यायचा.

दोष सायकलीचा नव्हता, हाताचा होता. हरेश्वर स्वतःच सगळ्यांना सांगतो, “एका वेळी एकच बदल करा, आणि शर्यतीच्या आधी तर काहीच करू नका.” पण शर्यत जवळ आली की त्याच्या स्वतःच्या हाताला खाज सुटायची. एका वर्षी ऐनवेळी नवी चेन घातली. मागचे दाते जुने, झिजलेले. पहिल्याच चढाला चेन दात्यांवरून सटासट उड्या मारायला लागली आणि शेवटी तुटली. दुसऱ्या वर्षी हलके टायर चढवले, ते दगडांनी फाडून ठेवले. एकदा सीट इतकी वर घेतली की गुडघा धरून बसला.

परत आला की दारात हिरामावशी उभ्या असायच्या. त्यांचा एकच प्रश्न असायचा, “पोचलास?”

कितवा आलास, बक्षीस काय मिळालं, असलं काही त्या विचारायच्या नाहीत. नुसतं, पोचलास? आणि त्यावर हरेश्वर झिजलेले दाते आणि नव्या चेनचं गणित त्यांना उभ्याउभ्या समजावून सांगायचा. मावशी सगळं ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, “म्हंजी नाय पोचलास,” आणि आत जाऊन ताट वाढायच्या. मी समोरच्या दारातून हे दोनदा पाहिलंय. त्यात त्याला जेवढं लागायचं तेवढं गुडघ्यालाही लागलं नसेल.

मावशींची आणखी एक बोच होती. हरेश्वरचं लग्न झालं नाही. त्याला एकदा कल्याणला मुलगी दाखवायला नेलं होतं. मुलगी पोहे घेऊन बाहेर आली तर नवरामुलगा जागेवर नाही. तो खाली पार्किंगमध्ये मुलीच्या स्कूटरचा ब्रेक खोलून बसला होता. येताना जिन्याजवळ कर्कश आवाज ऐकला होता म्हणे. स्कूटर दुरुस्त झाली, सोयरीक नाही. मग हळूहळू दाखवणाऱ्यांनी दाखवायचं सोडलं. हरेश्वर त्याबद्दल हसून बोलतो. पण रविवारी येऊरहून परत येताना बाकीचे लोक बायकापोरांचे फोन आले म्हणून भराभर पांगतात, तेव्हा हा प्रत्येकाला “जरा थांबा, तुमची चेन बघतो” म्हणत अडवून ठेवतो, हे मी पुष्कळदा पाहिलेलं आहे.

गेल्या वर्षी हरेश्वरने ठरवलं, काही झालं तरी शर्यत पुरी करायची. पन्नाशी जवळ आली होती, गुडघा कुरकुरत होता. त्यापेक्षाही, मावशींचं एक मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसरं व्हायचं, आणि त्या हल्ली म्हणायला लागल्या होत्या, “मी हाय तवर येकदा तरी पोचून ये रं.” हे त्याने मला येऊरला दगडावर बसून सांगितलं आणि लगेच माझ्या सायकलीचा ब्रेक बघायला लागला.

तयारी मोठी झाली. पुढच्या ब्रेकसाठी त्याने महिनाभर विचार करून एक निराळाच ब्रेक निवडला होता. “उतारावर हात दुखत नाही, आणि आपल्याकडे कोणाकडेच नाही,” हे तो फार अभिमानाने सांगायचा. त्याला धातूचे नवे पॅड घातले, येऊरच्या उतारावर पुन्हा पुन्हा दाबून डिस्कवर नीट बसवले. ब्रेक असा लागायचा की चाक जागच्या जागी थांबायचं. फक्त थांबताना आवाज करायचा. धातूचे पॅड करतात तसा.

“सायकल काय बोंबलते रं तुजी!” मावशी स्वैपाकघरातून ओरडायच्या. “तेल दे नं तिला जरा.”

हरेश्वर “हां हां” म्हणायचा आणि कामाला लागायचा.

शर्यतीला आठवडा राहिला तेव्हा एका संध्याकाळी तो आमच्या दारात हजर. हातात हत्यारांची पेटी. पाने, पंप, सुटे पार्ट, जादा पॅड, सगळं त्यात. “राऊत, ही तुमच्याकडे ठेवा. कपाटात घालून कुलूप लावा. शर्यत होईपर्यंत मला द्यायची नाही. मी कितीही गयावया केली तरी नाही.”

शुभांगीने पेटी साड्यांच्या कपाटात ठेवली आणि किल्ली कमरेला लावली. तिसऱ्या दिवसापासून हरेश्वरच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. साखर मागायला आला. साखर परत द्यायला आला. मग म्हणाला, “वहिनी, पेटी नुसती बघू का? हात नाही लावणार.” शुभांगीने कपाट उघडून लांबून दाखवली. तो दोन मिनिटं बघून गेला. आजाऱ्याला भेटायला आल्यासारखा.

शर्यतीच्या सकाळी मी गाडी काढली. सायकल मागच्या कॅरिअरला बांधली, हरेश्वर शेजारी बसला. हिरामावशी खाली गेटपर्यंत आल्या, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “पोचून ये.” त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी गुपित होतं. त्या वयाच्या बाईच्या चेहऱ्यावर सहसा दिसत नाही असं, लहान मुलीसारखं. मला वाटलं, नातवंडांच्या वयाच्या पोरांबरोबर मुलगा शर्यतीला निघालाय म्हणून हसू येतंय.

मैदानावर पोचलो. शे-दीडशे तरुण मुलंमुली, रंगीत कपडे. हरेश्वरने सायकल उतरवली, वर बसला, एक पायडल मारलं आणि पुढचा ब्रेक दाबला.

सायकल बोंबलली नाही. थांबलीही नाही. शांतपणे जाऊन माझ्या गाडीच्या दिव्याला टेकली.

त्याने पुन्हा दाबला. पुन्हा तेच. मग तो खाली उतरला, पुढच्या चाकाशी उकिडवा बसला आणि डिस्कच्या जवळ नाक नेलं. मीही वाकलो. वास मलासुद्धा आला. माका घालून घरी उकळलेल्या खोबरेलाचा. हिरामावशींच्या अंबाड्याला तोच वास असतो. डिस्क दोन्ही अंगांनी तेलाने माखलेली होती, मनापासून, एक बोटभर जागा न सोडता. आणि वर, ब्रेकच्या काळ्या डबीवर, कुंकवाचं एक बोट.

मी दोन पावलं मागे सरलो. नुसतं बोट फिरवल्याबद्दल कुत्रं भुंकवणारा हा माणूस आता काय करेल, सांगता येईना. जादा पॅड पेटीत. पेटी शुभांगीच्या कपाटात. मी धावत जाऊन चार-पाच जणांना विचारून आलो. पॅड सगळ्यांकडे होते, पण ह्याचा ब्रेक आपल्याकडे कोणाकडेच नाही! प्रत्येक पॅडचा आकार निराळा. एक मुलगा तर म्हणाला, “काका, हा ब्रेक आहे होय? मी पहिल्यांदाच बघतोय.”

परत आलो तर हरेश्वर तसाच बसला होता. स्पिरिट कोणाकडून तरी मागून त्याने डिस्क पुसली होती. प्यालेल्या पॅडचं काही होण्यासारखं नव्हतं. पण त्याने ते कुंकू पुसलं नव्हतं.

“सकाळी मी आंघोळीला गेलेलो,” तो हळू म्हणाला. “तेवढ्यात.”

“मागचा?”

“मागचा ठीक आहे. ते चाक पलंगाच्या आड होतं, तिचा हात पोचला नसेल.” मग त्या कुंकवाकडे बघत म्हणाला, “राऊत, वॉचमनला सांगितलं हो मी. पंक्चरवाल्याला सांगितलं. सगळ्या जगाला सांगत सुटलो आणि आयेला सांगायचं राहिलं. तिला कधी सायकलीजवळ येऊच दिलं नाही. तिला कळणार कसं?”

मी म्हटलं, “परत जाऊया का?”

“नाही,” हरेश्वर उठला. “पोचायचंय.”

शर्यत सुटली आणि तो झाडांमागे दिसेनासा झाला. पुढचा ब्रेक नसताना दगडी उतार म्हणजे काय, हे मला त्याच्याच कृपेने चांगलं ठाऊक होतं. नुसत्या मागच्या ब्रेकवर चाक घसरतं, माणूस घसरतो. मी चहाच्या टपरीवर बसलो. पहिली मुलं आली, टाळ्या झाल्या. मधली आली. मुली आल्या. मग ठरलेली वेळ संपली, बक्षिसं वाटली गेली, मांडव उतरायला लागले. येणाऱ्या प्रत्येकाला मी विचारत होतो, “निळ्या शर्टातले एक काका दिसले का?” एक मुलगी म्हणाली, “हो, ते प्रत्येक उताराला उतरून चालत येतायत. माझी चेन पडली होती, ती लावून दिली त्यांनी.”

ऊन चांगलं तापल्यावर हरेश्वर आला. मातीने माखलेला, एका कोपराला खरचटलेलं, पण सायकलीवर बसून. शेवटच्या रेषेवरची कमान तोपर्यंत टेम्पोत चढली होती. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि मला विचारलं, “रेषा कुठे होती?”

फक्कीची रेषा लोकांच्या पायांनी पुसली गेली होती. आम्ही दोघांनी वाकून शोधली. एका कडेला हातभर पांढरं शिल्लक होतं. हरेश्वर सायकल मागे घेऊन गेला, वर बसला आणि त्या हातभर रेषेवरून नेमकं चाक काढलं. टाळ्या वाजवायला मी एकटाच होतो. मी वाजवल्या, टपरीवाल्यानेही वाजवल्या.

“आज काहीच तुटलं नाही,” तो मोठ्या नवलाने म्हणाला. “वेगच नव्हता ना. तुटणार कसं?”

परतीच्या वाटेवर तो कोपरावरची माती झाडत बसला. शीळ फाटा गेल्यावर एवढंच म्हणाला, “घरी काही बोलू नका.” मी मान हलवली.

मावशी दारात उभ्या होत्या. मी मुद्दाम माझ्या दाराचं कुलूप काढायला वेळ लावला.

“पोचलास?”

“पोचलो.”

नुसतं तेवढंच. गणित नाही, झिजलेले दाते नाहीत. मावशींनी दोन्ही हातांनी त्याचं मातकट तोंड धरलं आणि सकाळचं गुपित त्यांच्या तोंडून बाहेर पडलं.

“पोचनारच! सकाली तू आंगोलीला गेलतास तवा मी चाकाला तेल दिलं. तुजा बापूस तेल चोपडल्याबिगर होडी पान्यात घालत नव्हता. मीच चोपडायची. दर खेपेला पोचून आला तो. तू मेल्या इतकी वरसं हात लावू देत नव्हतास, म्हनून मधीच अडकायचास. आज तेल दिलं, म्हनून पोचलास.”

डिस्कब्रेकबद्दल यापेक्षा चुकीचं वाक्य आजवर कोणी उच्चारलं नसेल. हरेश्वरचे ओठ हलले. एक मिनिट, चुकतंय. ते शब्द त्याच्या जिभेवर आलेले मला जिन्याच्या पलीकडून दिसले.

“हो, आये,” तो म्हणाला. “म्हणूनच पोचलो.”

मी घरात गेलो आणि शुभांगीला पेटी काढायला सांगितली.

पुढच्या रविवारी पेटीतला एक पाना आमच्याकडे राहिला होता तो द्यायला मी समोर गेलो. दार उघडंच होतं. हॉलच्या मधोमध सायकल नेहमीसारखी उभी, पण स्टँड एकदम खाली घेतलेला. शेजारी पाटावर हिरामावशी, हातात तेलाची बारीक तोटीची बाटली, नाकावर नवा चष्मा. हरेश्वर समोर मांडी घालून हाताने पायडल सावकाश फिरवत होता. चेनचा एकेक जोड समोर येत होता आणि मावशी त्यावर एकेक थेंब सोडत होत्या. थेंब नेमका पडला की हरेश्वर “हां” म्हणायचा.

चेन झाली. मावशींचा हात सवयीने पुढच्या डिस्ककडे गेला. मी दारातच थबकलो.

हरेश्वरने तो हात अलगद धरला. “तिथे तेल नको, आये. तो महादेव आहे. त्याला पाणी.”

मावशी बुचकळ्यात पडल्या. “मंग त्या दिशी मी तेल दिलं त्ये?”

“ती जुनी डिस्क होती. ती मारुतीची होती,” हरेश्वर म्हणाला. “ही मी नवीन आणलीय. ही महादेवाची.”

मी डिस्ककडे पाहिलं. कडेला तोच जुना ओरखडा, येऊरच्या दगडाचा. डिस्क तीच होती, पुसून, घासून परत लावलेली. माझ्या तोंडातून “एक मिनिट” निघालंसुद्धा. हरेश्वरने मान वर केली आणि माझ्याकडे असं पाहिलं की पुढचा शब्द मी गिळला. पाना कोनाड्यात ठेवला.

मावशी गुडघ्यावर हात देऊन उठल्या, आतून तांब्या भरून घेऊन आल्या आणि डिस्कवर हळूहळू धार धरली. हरेश्वरने चाक धरून ठेवलं होतं. पाणी फरशीवरून माझ्या चपलांपर्यंत आलं. धार संपल्यावर मावशींनी डोळे मिटून हात जोडले, आणि त्यांनी डोळे उघडायच्या आत हरेश्वरनेही जोडून घेतले.